मस्कतचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या विक्रोळीत माणसं शिंकायला लागतात. गच्चीवर, जिन्याच्या कठड्यावर, बंद पडलेल्या कंपनीच्या भिंतीला लागून, जिथे म्हणून ऊन पडतं तिथे जुन्या साड्या अंथरून मिरच्या वाळत घातलेल्या असतात. बेडगी, संकेश्वरी, रंगापुरती काश्मिरी. दुपारी कुणीतरी धणे, खसखस, दगडफूल भाजायला घेतं आणि अख्ख्या चाळीला ठसका लागतो. खोकता खोकता सगळे खूश असतात. मी स्वतः मसाला कांडपाच्या दुकानात काम करते, म्हणजे हा ठसका माझ्या पोटापाण्याचा आहे. तरीही हंगामातलं पहिलं पोतं उघडलं की माझं डोकं फिरतं, शब्द तिरके यायला लागतात, आणि दुकानातल्या बायका एकमेकींना खुणावतात की सुषमाला मिरची बाधली. मिरची कसली बाधते मला! मला एप्रिल बाधतो.

माझ्या शिक्षेचे शेवटचे आठवडे ह्याच दिवसांतले. खाडीपलीकडच्या त्या तुरुंगाचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव घेतलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात. तुरुंगात तिखट नसतं, हे बाहेर कुणाला माहीत नसतं. मार, शिव्या, ढेकूण, हे सगळं लोकांनी सिनेमात पाहिलेलं असतं. पण आमच्या डाळीत मिरची नव्हती, भाजीत नव्हती, कारण तिखटाची पूड कुणाच्याही डोळ्यांत फेकता येते. पिवळं पाणी आणि तळाला बसलेली डाळ. कोकणातल्या बाईला वर्षानुवर्षं असं जेवण घालायचं, ही शिक्षा निकालात कुठे सांगितलेली नव्हती. आणि त्या एप्रिलमध्ये भिंतीपलीकडे, स्टाफच्या क्वार्टर्समध्ये, कुणीतरी मसाला भाजायला घेतला. वारा आमच्या बाजूचा होता. बराकीतल्या सगळ्या बायका एकदम शिंकायला लागल्या, मग हसायला लागल्या, आणि मग एकेक करून गप्प झाल्या. जेवणाची रांग लागली तेव्हा निम्म्या बायका उठल्याच नाहीत. जमादार बाईंना वाटलं, आम्ही संप केला.

मी काय केलं होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये मी एका आजोबांना सांभाळायचं काम करत होते. त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची. आजोबा देवमाणूस. त्यांचा मुलगा पन्नाशीचा. त्याने एकदा स्वयंपाकघरात मला मागून धरलं. मी सोडवून घेतलं आणि गप्प राहिले, कारण नोकरी हवी होती. दुसऱ्यांदा धरलं तेव्हा मी चहासाठी आलं ठेचत होते आणि हातात पितळेचा बत्ता होता. त्याचा जबडा मोडला. कोर्टात त्याने सांगितलं, ही कपाट उघडताना सापडली म्हणून हिने मारलं. त्याची बायको साक्षीला आली, शेजारी आले, वॉचमन आला. माझ्या बाजूने आजोबा बोलले असते, पण तोवर त्यांची वाचा गेली होती. चोरी सिद्ध झाली नाही, बत्ता सिद्ध झाला. चार वर्षांची शिक्षा लागली. तुला पश्चात्ताप होतो का, असं मला आतमध्ये इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मी 'हो' म्हणायला शिकले. झाला नव्हता. आजही झालेला नाही, आणि हे वाचून कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू दे.

हल्ली दुकानात कुणी नवीन बाई कामाला आली की जुन्या तिच्या कानात ही गोष्ट घालतात. मग ती आठवडाभर माझ्या हाताकडे बघत असते. मला त्याचं काही वाटत नाही. उलट आमचे मालकही माझ्याशी बोलताना दोन हात लांब उभे राहतात, आणि हे सगळ्याच बायकांच्या वाट्याला आलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

तर ते शेवटचे आठवडे. सुटकेची तारीख पक्की झाली की बराकीत त्या बाईला 'पाहुणी' म्हणायला लागतात. कौतुकाने नाही. पाहुणीला झाडलोट देत नाहीत, बराकीतल्या बातम्या तिच्या कानावर जाऊ देत नाहीत, तिची झोपायची जागा दाराजवळ सरकवतात. आणि मुख्य म्हणजे पाहुणीने भांडायचं नसतं. शिक्षा झालेल्या कैद्याला नीट वागल्याबद्दल माफी मिळते, म्हणजे शिक्षेतले दिवस कमी होतात. माझं जवळजवळ एक वर्ष असंच वाचलं होतं. मारामारीत नाव आलं की माफी कापतात, तारीख पुढे जाते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून जिचं जिचं तुमच्याशी जुनं काही उरलेलं असतं, ती ह्याच दिवसांत येऊन ते वसूल करते. माझी बादली नळाखालून लाथेने उडवली गेली. धुतलेल्या साडीवर कुणीतरी खरकटं ओतलं. लीला नावाची एक होती. बराकीतल्या पोरांच्या वाट्याचं दूध पिताना मी तिला एकदा पकडून दिलं होतं. ती रोज सकाळी जाता जाता मला खांदा मारायची आणि म्हणायची, "सॉरी हां, पाहुणीबाई." मी दात आवळून उभी. रागवायलासुद्धा माणूस मोकळा असावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. इतकी कोंडल्यासारखी मी तीन वर्षांत कधी झाले नव्हते, जितकी दार उघडायच्या तोंडावर झाले.

त्यात तो वर्ग. सुटणाऱ्या बायकांना रागावर ताबा कसा ठेवायचा ते शिकवायला एका संस्थेच्या मॅडम यायच्या. चांगल्या बाई होत्या. सुती ड्रेस, गळ्यात मोठे मणी, आवाज कधी चढायचा नाही. चढायचं कारणच कधी पडलं नसावं. एका दुपारी त्या फुग्यांचं पाकीट घेऊन आल्या.

"सुषमा, तुझा सगळा राग ह्या फुग्यात भर. डोळे मीट आणि फुंक."

"मॅडम, तो माणूस मुलुंडलाच आहे अजून. त्याला पण फुगा देणार काय?"

बायका खिदळल्या. मॅडमनी ओठ आवळले. "आपण आज आपल्याबद्दल बोलतोय ना?" त्या म्हणाल्या.

आपल्याबद्दलच. नेहमी आपल्याबद्दलच. हात कुणी घातला ह्याबद्दल नाही, तो घातल्यावर आपल्याला कसं वाटलं आणि ते वाटणं कसं आवरायचं ह्याबद्दल. मी फुगा फुगवला. आयांबरोबर आत राहणारी चिल्लीपिल्ली दारात गोळा झाली होती. त्यांच्यातल्या काहींनी जन्मात फुगा पाहिला नव्हता. आम्ही आमचा सगळा राग त्यांना देऊन टाकला आणि ती पोरं तो लाल-पिवळा राग डोक्यावर उडवत अंगणभर धावली. एवढं हसू मी त्या अंगणात दुसऱ्यांदा ऐकलं नाही. मग जमादार बाई आल्या आणि फुगे नियमात बसत नाहीत म्हणून एकेक करून फोडून गेल्या. मॅडम डोळे मिटून दीर्घ श्वास घेत होत्या. पोरं संध्याकाळपर्यंत रबराचे तुकडे चघळत होती.

पण माझा खरा प्रश्न लीला नव्हती आणि मॅडमही नव्हत्या. माझा प्रश्न विक्रोळीला होता. मी आत गेले तेव्हा माझी तन्वी नऊ वर्षांची होती. तिचा बाप ती रांगत असतानाच निघून गेलेला, त्यामुळे आम्ही दोघी माझ्या भावाकडे राहायचो. नंदूदादा आणि वहिनी. निकाल लागला त्या दिवशी मी कोर्टातून घरी परतलेच नाही. दादा एकटा घरी गेला आणि दारात उभ्या असलेल्या पोरीला म्हणाला, आई मस्कतला गेली कामाला, अर्जंट.

मला हे मुलाखतीत कळलं. मुलाखत म्हणजे काचेपलीकडे आपलं माणूस आणि कानाला फोन. मी काचेवर हात आपटला.

"दादा, मस्कत? तुला दुसरं काय सुचलं नाही?"

"गावाला गेली सांगितलं असतं तर मला पण ने म्हणाली असती गो. मस्कतला कोण नेतंय?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हाच तर वैताग. आमच्याकडे जे माणूस दिसत नाही ते गावाला गेलेलं असतं, पण गावाला शोधत जाता येतं. तर मी मस्कतला गेले. आठवड्यातून एकदा तुरुंगातल्या फोनवरून दादाच्या मोबाइलवर बोलायला मिळायचं. तन्वी सारखी म्हणायची, व्हिडिओ कॉल कर ना. दादाने कुठूनतरी माहिती काढली की तिकडे असले कॉल चालत नाहीत. ते खरं निघालं आणि आम्हा दोघांना परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. मागे बराक बंद करायची घंटा वाजली की ती विचारायची, "आई, घंटा कसली गं?" मी म्हणायचे, बाजूला शाळा आहे. "आज रविवारी पण?" मी हसण्यावारी न्यायचे. फोन ठेवला की भिंतीला डोकं टेकून उभी राहायचे आणि पाळीपाळीने सगळ्यांचा राग राग करायचे. दादाचा, वहिनीचा, मुलुंडच्या त्या जबड्याचा, काळ्या कोटातल्या सगळ्यांचा. सगळ्यात जास्त मस्कतचा, ज्या शहराने माझं काही वाकडं केलं नव्हतं.

एप्रिलच्या मुलाखतीला दादा घामाने निथळत आला, पण तोंडावर मोठा बेत होता.

"ऐक गो. तन्वी म्हणते, आईला घ्यायला एअरपोर्टला जाऊया."

"मग?"

"मग काय? सुटलीस की रिक्षा कर, सरळ सहारला ये. कपडे नि बॅग मी आदल्या दिवशी गेटवर देऊन ठेवतो. लोक बाहेर पडतात ना तिथे, त्यांच्यात मिसळून उभी ऱ्हा. आम्ही येतो. झालं."

"म्हणजे तुरुंगातून सुटून मी नाटक करू?"

"नाटक काय त्यात? वहिनीने चॉकलेटं पण आणून ठेवलीत. तिकडचीच आहेत, क्रॉफर्ड मार्केटात मिळतात."

"दादा, मी तिला खरं सांगणार."

काचेपलीकडे त्याचा चेहरा पडला. "सांग. मग चाळीला पण सांग, शाळेला पण सांग. तीन वर्षं मी लोकांना तोंड चुकवत फिरलो, ते गेलं पाण्यात. तू रागात बोलून मोकळी होशील. वर्गात भोगायचं तिला आहे."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने माझ्या पोरीच्या वेण्या घालायला शिकून घेतलं होतं, त्याच्यावर ओरडायचं कुठल्या तोंडाने? उपकाराखालचा राग फार वाईट. बाहेरही पडत नाही आणि पचतही नाही. बराकीत परत आले तेव्हा माझ्यासमोर एकच गोष्ट उभी होती. तीन वर्षांनी माझी पोर एका बाईला मिठी मारणार, आणि ती बाई कधी नव्हतीच. मला ती मिठी नको होती. आणि खरं सांगितल्यावर मिठीच मिळाली नाही तर, ही भीतीही जात नव्हती.

माझ्या शेजारी शकीलाआपा झोपायची. मूळची श्रीवर्धनकडची, लग्न होऊन कुर्ल्याला आलेली आणि खरोखर मस्कतला घरकाम करून आलेली. तिची केस उभीच राहत नव्हती. मी आत यायच्या आधीपासून ती नुसत्या तारखा घेत बसली होती. गुन्हा शाबीत झालेली मी शिक्षा भोगून घरी निघाले, आणि जिचं काहीच शाबीत झालं नव्हतं ती तिथेच. ह्या गोष्टीचा राग मी कुणाच्या फुग्यात भरायचा होता? शकीलाआपा मात्र माझ्या मस्कतची तयारी करून घ्यायला लागली, लग्नाच्या मुलीची करावी तशी.

"विचारलं तर सांग, घरभर लोबानचा वास असायचा. शुक्रवारी ते सगळे बाहेर, आपण भांडी."

"आणि फिरायला कुठे नेलं विचारलं तर?"

"फिरायला कोण नेतंय, बये? दाराला बाहेरून कुलूप. पासपोर्ट शेठकडे. ते देतील तेव्हा जेवायचं, ते सोडतील तेव्हा झोपायचं. मॅडम मला मरियम म्हणायची. शकीला, शकीला सांगून तोंड दुखलं माझं."

"मग इथल्यासारखंच की."

"तेच सांगते ना मी. तुला खोटं बोलायची गरजच नाही. इथलं सांग, मस्कतचं म्हणून खपून जाईल. तिकडे एसी होता, तेवढा घाल."

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसताच मला अशी तिडीक आली की उठून दाराच्या गजांना धरून उभी राहिले. पोटासाठी परदेशी गेली तर बाईला कुलूप, आणि इज्जतीसाठी हात उचलला तरी बाईलाच कुलूप. मग कुलूप लावणारे कुठे असतात, त्यांना कुणी कधी बघितलंय का, असं मी मोठ्याने विचारलं. दाराशी बसलेली वॉर्डर म्हणाली, "पाहुणी, झोप जा."

आणि मग तो फोनचा वार. माझा नंबर लागला, पलीकडे तन्वी होती. एअरपोर्टला कुठला ड्रेस घालू असं विचारत होती. मागच्या रांगेत लीला उभी होती, आणि मस्कतचं बिंग बराकीत सगळ्यांनाच माहीत होतं. ती माझ्या खांद्यावरून पुढे झुकली आणि फोनच्या तोंडाशी ओरडली, "ए मस्कतवाली! पोरीला सांग की जेलचा पत्ता!"

मी फोन छातीशी दाबला. दुसरा हात वर गेलाच होता. तो खाली आला असता तर तारीख गेली असती, आणि खरं सांगते, त्या क्षणी तारीख गेली खड्ड्यात असंच मला वाटत होतं. पण माझा हात पडायच्या आधी शकीलाआपाने लीलाच्या झिंज्या धरल्या होत्या. आमच्या बराकीची ही रीतच होती. पाहुणीचं भांडण दुसरी भांडते, आणि शक्यतो कच्ची कैदी भांडते. जिला शिक्षाच झालेली नाही तिची माफी कापणार कशी? शकीलाआपा लीलाला बडवत होती आणि मला ओरडून सांगत होती, "तू बोल! पोरीशी बोल तू!"

मी फोन कानाला लावला. "आई, कोण ओरडतंय?" तन्वीने विचारलं.

"शेजारच्या बायका गं. निळा घाल, निळा ड्रेस."

"बरं," ती म्हणाली.

शकीलाआपाला दुसऱ्या बराकीत हलवलं. तिची मुलाखतही बंद केली, ज्यावर ती म्हणे हसून म्हणाली, माझ्याकडे येतंय कोण? मला ती पुन्हा दिसली नाही. सुटणाऱ्या बाईचं शेवटचं ताट दुसरीने घासायचं असतं, म्हणजे ती परत येत नाही असं मानतात. दोघीतिघी पुढे आल्या. मी कुणाला हात लावू दिला नाही. जिने घासायला पाहिजे होतं ती भिंतीपलीकडे होती. मी माझं ताट माझ्या हाताने घासलं, इतकं की ॲल्युमिनियम काळं पडलं.

लोक विचारतात, बाहेर पडल्यावर कसं वाटलं? त्यांना ऐकायचं असतं की आभाळ मोठं दिसलं, डोळ्यांत पाणी आलं. मला गेटवर पहिली दिसली ती दादाने देऊन ठेवलेली चाकांची बॅग. आतमध्ये चमकीचा पंजाबी ड्रेस, काळा गॉगल आणि वहिनीची चॉकलेटं. मी सुलभ शौचालयात जाऊन कपडे बदलले आणि आरशात पाहिलं. तुरुंगातल्या साडीत मी निदान मी होते. चिडून गॉगल फेकायला हात उचलला, आणि मग घातला, कारण पोरीने निळा ड्रेस घातलेला असणार होता.

सहारच्या विमानतळाबाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं ओतत होतं. आतून माणसं येत होती. दोरीने बांधलेले खोके, घोंगड्यांच्या पिशव्या, ट्रॉलीवर लादलेले टीव्ही. मी त्यांच्या कडेला बॅग धरून उभी राहिले. माझ्यासारख्याच काही बायका एकट्या बाहेर पडत होत्या, काळ्यासावळ्या, हाताची सालं निघालेल्या. बाहेरचा उजेड डोळ्यांना सोसत नसल्यासारख्या थबकायच्या, मग कुणीतरी नाव घेऊन हाक मारायचं आणि त्या दचकायच्या. त्यांच्यात मी इतकी बेमालूम मिसळून गेले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्यातल्या एकीने मला विचारलंसुद्धा, "कौनसे फ्लाइट से आयी, दीदी?"

मग निळा ड्रेस दिसला. माझ्या कमरेला लागणारी पोर माझ्या खांद्याला आली होती. "आई!" तिने लांबूनच मोठ्याने हाक मारली, धावत आली, गळ्यात पडली. "फ्लाइट कशी होती? गरम आहे ना इथे? तिकडे एसी असायचा ना?" सगळं मोठ्याने, सगळं पाठ केल्यासारखं. दादाचा चेहरा फुलला होता. पण माझ्या पाठीवर होते ते हात लाकडासारखे ताठ होते, आणि मला कळलं की हिला माझ्यापेक्षा जास्त ताण आलाय.

दादा टॅक्सी बघायला गेला. तो गर्दीत दिसेनासा झाल्याबरोबर तिने मला सोडलं.

"मला माहितेय," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा फोन झीरो ट्वेंटी-टूवरून यायचा. मामाने नाव टाकलंय 'सुषमा मस्कत', आणि खाली नंबर झीरो ट्वेंटी-टू. मस्कत काय मुंबईत येतं?"

चॉकलेटं, गॉगल, लोबान, व्हिडिओ कॉल, एवढी सगळी तटबंदी आम्ही केली आणि मुंबईचा कोड आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता. जन्मभर डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कुणाला दिसते?

"कधीपासून?"

"पाचवीपासून. मग शेजारच्या राणेकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आईने एकाचा जबडा फोडला म्हणून ती आत आहे. का फोडला ते कुणीच सांगत नाही. मामीला विचारलं की ती रडते."

"मला फोनवर विचारायचं होतंस ना, बाळा."

"कसं विचारणार? तू मस्कत मस्कत करत होतीस!" तिचा आवाज चढला. आजूबाजूचे बघायला लागले, पण तिला पर्वा नव्हती. "मी शाळेत सगळ्यांना सांगत होते. मस्कतला असं असतं, तसं असतं. नेटवर बघून पाठ केलं सगळं. मला वाटलं, तू काहीतरी घाण केलंस, म्हणून लपवतायत. मला तुझी लाज वाटायची. सारखी."

मग मी सांगितलं. तिथेच, ट्रॉल्यांच्या मध्ये उभं राहून, बारा वर्षांच्या मुलीला कळेल आणि पेलवेल एवढं. की त्याने मला धरलं. मी नको म्हटलं. त्याने परत धरलं. हातात बत्ता होता.

ती ऐकत होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मला वाटलं, आता रडणार. पण ती रडली नाही, ती भडकली. मी तिच्याएवढी असताना भडकायचे तशीच, मान पुढे काढून.

"मग मस्कतला तू कशाला गेलीस?"

"अगं, मी नव्हतेच ना..."

"माहितेय! पण लपवायचं ते त्याने ना? त्याच्या घरच्यांनी सांगायचं ना, आमचा माणूस मस्कतला गेला. तू कशाला? मला कशाला खोटं बोलायला लावलंत?"

कोर्टात वकिलाला हे सुचलं नव्हतं. आतमध्ये मॅडमना नव्हतं. मला नव्हतं. तीन वर्षं मी सगळ्या जगावर चिडत होते, आणि गॉगल लावून, दुसऱ्याची लाज अंगावर घालून, मी स्वतःच विमानतळावर येऊन उभी राहिले होते. मी गॉगल काढला.

दादा लांबून हात करत आला. "चला चला, टॅक्सी मिळाली! काय गो, मायलेकींचं झालं की नाय बोलून?"

"दादा, तू बॅग घेऊन हो पुढे," मी म्हटलं. "आम्ही बसने येतो."

"बसने? एवढ्या उन्हात? वेड लागलं काय तुला?"

तन्वीने बॅग त्याच्याकडे ढकलली आणि चालायलाही लागली. आम्ही मरोळच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. दोघीही घामाघूम. बस आली. मागच्या सीटवर जागा मिळाली, ती खिडकीशी, मी बाजूला. बाहेर मेट्रोचं काम चालू होतं, हॉर्न, ड्रिल, धूळ.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "आजोबांपासून."

मी आजोबांपासून सुरुवात केली. सवयीने आवाज खाली गेला होता, तो वर काढला. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मी तिच्याकडे बघून बोलत राहिले, थांबले नाही. बस तापली होती, वाऱ्याची एक झुळूक येत होती ती तेवढ्या खिडकीतून. तन्वीने हात वर केला आणि ती काच ओढून घट्ट बंद केली.

"हं," ती म्हणाली. "आता बोल. ऐकू येत नव्हतं."